पुढच्या पायाची पाच नखं

सुधारणा ०

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एक रीत होती. कुणाच्या नकाशात चूक सापडली तर तोंडाने बोलायचं नाही. लाल पेन्सिलीने चुकीभोवती गोल करायचा, कागदाची घडी चूक आत जाईल अशी घालायची, आणि तो माणूस चहाला उठला की त्याच्या टेबलाच्या खणात सरकवायची. तो परत येणार, खण उघडणार, बघणार, बंद करणार. दुसऱ्या दिवशी नवा नकाशा. विषय संपला. कोणी चुकलं हे कुणाला कळत नाही, आणि पाणी बरोबर नळाला येतं.

पाणीपुरवठा खात्यात मी चौतीस वर्षं नकाशे काढले आणि ही रीत एकदाही मोडली नाही. निवृत्त झाल्यावर एकदाच मोडली, तीही एका प्राण्याच्या पायावरून. तो प्राणी जगातून नाहीसा होऊन कोट्यवधी वर्षं झाली होती. तरीही त्याने जाता जाता माझ्या मुलीच्या नोकरीवर पाय ठेवला, आणि तो मी ठेवायला लावला.

नकाशा पहिल्यांदा बाहेर पडतो तेव्हा त्यावर ‘सुधारणा शून्य’ लिहितात. पुढे प्रत्येक चुकीला एकेक आकडा. ही हकिगतही मी तशीच लिहितो आहे. लिहून झालेला प्रत्येक कागद बायको तपासते.

[घरच्या तपासनिसाचा शेरा: तपासते, कारण यांना आपली बाजू तेवढी आठवते.]

मुलगी दुसऱ्या गावात असते. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला आहे. तेव्हा नोकरी कच्ची होती. वर्ष संपलं की पक्की करणार किंवा नारळ देणार. तिथे ती नेमकं काय करते हे मी एकदा फोनवर विचारलं होतं.

“सध्या झाडं करते, बाबा.”

“छान. जेवलीस का?”

“हो.”

“घे, आईशी बोल.”

आमचे बापलेकीचे फोन हे असे. फोन ठेवला की पडद्यावर किती वेळ बोललो ते येतं. माझे बावीस सेकंद असायचे. मग आईचे पाऊण तास. मला बोलायचं नसतं असं नाही. पण तिसरं वाक्य कुठलं बोलायचं ते मला कधी सापडलं नाही.

म्हणून मी ठरवलं, आपण तो खेळ घ्यायचा आणि पोरीची झाडं बघायची. झाडं बघितली की त्यांच्याबद्दल तिसरं वाक्य बोलता येईल.

सुधारणा १

खेळ असा. तुम्हाला एक भलंमोठं उद्यान दिलेलं असतं. त्यात पुराणकाळचे प्राणी सोडायचे, कुंपण घालायचं, चारापाणी बघायचं. माणसं तिकीट काढून येतात. प्राणी पळाला तर माणसं जातात. थोडक्यात सरकारी खातंच, फक्त फाइली नाहीत.

मी प्राण्यांकडे बघितलंच नाही. पहिले तीन दिवस झाडं बघत होतो. काय झाडं होती! खोडाला साल, सालीला भेगा. वारा आला की आधी शेंडा हलायचा आणि मग खालच्या फांद्या. मी बायकोला हाक मारली. “अगं, बघ. पोरीने केलंय.” तिने ओला हात पदराला पुसून बघितलं आणि म्हणाली, “पानं गळताहेत. झाडायला कोण येतं?”

खालचे मास्तर आले ते मात्र भांडायला. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गणिताचे मास्तर राहतात. आम्ही त्यांना ‘खालचे’ म्हणतो, ते आम्हाला ‘वरचे’.

“काय हो वरचे, दुपारी काय उखळ कांडताय? माझं कासव कवचात गेलंय, बाहेर येईना.”

तो आवाज प्राण्यांच्या पावलांचा होता. माझे स्पीकर जमिनीवर होते. मी माफी मागितली आणि, मान वर ठेवायला म्हणून, झाडं दाखवली. मास्तर चष्मा कपाळावर चढवून स्टुलावर बसले.

नेमकं त्याच क्षणी डावीकडून एक लांब मान आत आली. मान येतच राहिली. मानेमागे बऱ्याच उशिराने प्राणी आला. त्याने माझ्या मुलीच्या झाडाचा शेंडा तोंडात धरला आणि अख्खी फांदी ओरबाडून खाल्ली.

“खाल्लंन् की हो तुमच्या पोरीचं झाड,” मास्तर म्हणाले.

मी फार शांत माणूस आहे.

[शेरा: !!]

पण ते झाड पोरीने सालीच्या भेगेभेगेसकट काढलेलं, आणि हा कुठला उपटसुंभ येऊन ते खातो! हा प्राणी ज्याने बनवला त्याला काही काळजी आहे की नाही? मी खेळ थांबवला, पडद्यावर ट्रेसिंग पेपर लावला आणि मोजपट्टी घेतली. म्हटलं, झाड खाणारा आहे तरी कसा, बघूच.

मापं घेताना माझी पहिली धडकी मानेबद्दलची होती. आमच्या खात्यात नऊ मीटरवर पाणी चढवायचं तर पंप मंजूर व्हायला चार वर्षं लागतात. हा प्राणी ते रक्ताने करत होता, आणि तेही चघळता चघळता. त्याबद्दल मला आदरच वाटला. पण मग मी खाली आलो. पायाशी. आणि थबकलो.

पुढच्या पायाला पाच नखं होती. गोल, गुळगुळीत, हत्तीला असतात तशी.

मी दुसरा लांबमान्या शोधला. त्यालाही तीच पाच. तिसऱ्यालाही. खेळात लांबमान्यांच्या अकरा जाती होत्या आणि अकरांच्या पुढच्या पायांना तीच पाच नखं. मापात एका केसाचा फरक नाही. एकच पाय काढून अकरा ठिकाणी चिकटवलेला.

कुणी पाइप चिकटवला असता तर मी समजू शकलो असतो. पाइप असतातच सारखे. पण पाय?

सुधारणा २

कुठल्याही गोष्टीला हात घालायच्या आधी जाणकाराला विचारावं, म्हणून मी कोपऱ्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. दाराशी बसणाऱ्या बाईंनी विचारलं, “पेशंट कुठाय?”

“घरी आहे. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये.”

“पेशंटशिवाय नंबर मिळत नाही, काका.”

“मला फक्त दोन मिनिटं विचारायचंय.”

“सगळ्यांना दोनच मिनिटं विचारायचं असतं.”

मी घरी आलो, मास्तरांकडून कासव मागून घेतलं, बुटांच्या खोक्यात घातलं आणि परत गेलो. मास्तर म्हणाले, “तासाभरात आणा. त्याला वेळापत्रक आहे.” कासवाला कसलं वेळापत्रक, असं मी विचारलं नाही, गरज माझी होती. बाईंनी नंबर दिला आणि एक फॉर्म. फॉर्म खोटा भरायची मला सवय नाही, म्हणून मी खरा भरला:

पेशंटचं नाव: डिप्लोडोकस
जात: लांब मानेची
वय: पंधरा कोटी वर्षं
वजन: पंधरा टन (अंदाजे)
तक्रार: नखं
लसीकरण: माहिती नाही

डॉक्टरांनी फॉर्म वाचला. खोक्यात बघितलं. परत फॉर्म वाचला. मला वाटलं, आता हाकलणार. पण त्या गृहस्थाने दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, “कुठल्या खेळातला?”

पुढची वीस मिनिटं डॉक्टर बोलत होते. लहानपणापासूनचं वेड होतं म्हणे, आणि आयुष्य गेलं कुत्र्यांच्या कानात औषध घालण्यात. त्यांनी सलाइनच्या सहा रिकाम्या बाटल्या टेबलावर अर्धगोलात उभ्या केल्या. त्यातली एक काढून घेतली. “हा पंजा. पाच हाडं, अशी उभी, घोड्याच्या नालेच्या आकारात. हत्तीसारखा पसरट तळवा पुढच्या पायाला नाहीच. नखं होती ती मागच्या पायांना. पुढे फक्त अंगठ्याला एक, आतल्या बाजूला वळलेलं. बाकी बोटांना काही नाही.”

“म्हणजे पाच नखं चूक?”

“साफ चूक. हत्तीवरून उचललंय कुणीतरी.”

पाच उभे पाइप अर्धगोलात आणि वर पंधरा टनांची टाकी! मी हा नकाशा डोळे मिटून मंजूर केला असता. इतका सुंदर पाया आणि त्याला या लोकांनी हत्तीचा बूट घातला होता.

निघताना डॉक्टरांनी कासव उचलून बघितलं आणि सवयीने त्याची नखं कापली. त्यावरून मास्तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. “मी कासव दिलं होतं, पेशंट नव्हता दिला,” एवढंच एकदा जिन्यात म्हणाले.

सुधारणा ३

इथे माझी पहिली खरी चूक.

लाल पेन्सिल, घडी, खण. मला ते आठवलं नव्हतं असं नाही. पण ज्या माणसाचं नाव माहीत नाही त्याचा खण कुठे शोधणार? आणि मनातून राग होता तो झाडाचा. मी कंपनीच्या तक्रारीच्या पानावर गेलो. तिथे यादीतून तक्रार निवडायची होती: खेळ सुरू होत नाही, खेळ मध्येच बंद पडतो, आवाज येत नाही, इतर. मी ‘इतर’ निवडलं. ‘इतर’ला तीनशे अक्षरांची मर्यादा. मी अडीचशे अक्षरं झाडांच्या कौतुकाला दिली, कारण आधी चांगलं बोलावं. उरलेल्या पन्नासात नखं बसवली, आणि सोबत मोजमापासह नकाशा जोडला. सही केली नाही. फक्त ‘एक ड्राफ्ट्समन’.

उत्तर लगेच आलं: आपली गैरसोय झाली याबद्दल खेद आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा.

मी केला. मी नियमाने चालणारा माणूस आहे. मग लिहिलं: “सूचनेप्रमाणे बंद करून चालू केला. नखं तशीच आहेत.”

उत्तर: आपली समस्या सुटल्याबद्दल आनंद आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.

चौतीस वर्षं मी खात्याच्या आत बसून लोकांना अशी उत्तरं जाताना बघितली होती. बाहेरून ती कशी लागतात ते मला त्या दिवशी कळलं. मी तक्रार पुन्हा उघडली. त्यांनी बंद केली. मी उघडली. पाचव्यांदा त्यांनी कळवलं की एकट्याच्या तक्रारीचा विचार होत नाही; इतर खेळाडूंनी पाठिंबा दिला तरच ती वरच्या टेबलावर जाते.

हे मी बोललो ते चुकून मास्तरांसमोर बोललो. कासवाचा राग तोवर निवळला होता.

“किती पाठिंबे लागतात?”

“शंभर.”

“शंभर?” मास्तर हसले. “वरचे, मी एकतीस वर्षं गणित शिकवलंय. माझ्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे. त्यातला एकही अजून मला ‘नाही’ म्हणू शकत नाही. काही तर आजोबा झालेत, तरी मी फोन केला की उभे राहून बोलतात.”

त्या संध्याकाळी ग्रुपवर मास्तरांचा संदेश गेला: खालील तक्रार नीट वाचून पाठिंबा द्यावा. टाळाटाळ करू नये. मला समजतं.

चार दिवसांत अकराशे चाळीस पाठिंबे. खाली प्रत्येकाने काहीतरी लिहिलेलंही होतं. एकाने लिहिलं, “सर, मी तेव्हा खरंच आजारी होतो.” पण आकडा आकडाच. माझी नखं वरच्या टेबलावर गेली. मी मोठ्या थाटात दुसरा, सविस्तर नकाशा करायला घेतला: अकराही जातींचे पुढचे पाय, जसे असायला हवेत तसे. टेबल गॅलरीजवळ ओढलं. मला वाटत होतं, मी पुन्हा कामावर रुजू झालो आहे.

[शेरा: त्या आठवड्यात यांनी रोज दाढी केली. हे मात्र खरं.]

सुधारणा ४

रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. “जेवलीस का?” मी विचारलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. “घे, आईशी बोल.” आणि मी पुन्हा ड्रेडनॉटस नावाच्या लांबमान्याच्या पायाकडे वळलो. पाय छान उतरत होता. आत बायकोचा आवाज चढत गेला.

“कोण मेला एवढा? नखांवरून? माणसांना उद्योग नाहीत का गं?... अकराशे?... अगं पण तू तर झाडं करतेस ना?”

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

“कधीपासून?... आठ महिने झाले? आणि आम्हाला... हो, सांगितलं असशील. यांना सांगितलं असशील.”

फोन ठेवून बायको गॅलरीच्या दाराशी आली. माझ्या टेबलावर अकरा पाय मांडलेले होते. तिने ते एकेक करून बघितले, म्हणजे नेमकं काय बघते आहे ते तिला कळत होतं आणि मला ते कळावं अशी तिची इच्छा होती.

“तिच्या कंपनीच्या मागे एक खडूस माणूस लागलाय,” ती म्हणाली. “प्राण्यांच्या नखांवरून. उद्या मोठ्या साहेबांसमोर बैठक आहे. ते प्राणी आपल्या पोरीने केलेत, अहो. झाडं दुसराच कुणीतरी करतो. तिला पक्कं करायचं की नाही ते उद्या ठरणार आहे.”

मी खुर्चीत बसलोच होतो, तरी पुन्हा बसलो.

म्हणजे मी इतके दिवस दुसऱ्याच्या झाडांचं कौतुक केलं होतं. आणि पोरीच्या कामाला शंभर नव्हे, अकराशे चाळीस लोकांकडून लाल गोल करवला होता, घडी न घालता, भर चौकात.

तक्रार मागे घ्यायला धावलो. ‘तक्रार मागे घ्या’ असं बटण होतं. दाबलं, तर कारण निवडायची यादी: समस्या सुटली. एवढं एकच कारण. ते निवडलं तर उत्तर आलं: समस्या सुटली असल्यास सुटलेल्या समस्येचं चित्र जोडा. म्हणजे पाच नखं नसलेल्या पायाचं. तो पाय फक्त मुलगी करू शकत होती.

मास्तरांना म्हटलं, तुमच्या मुलांना पाठिंबा काढून घ्यायला सांगा.

“का?”

“तो पाय माझ्या मुलीने केलाय.”

मास्तरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “वरचे, मी माझ्या स्वतःच्या मुलाला सहामाहीत नापास केलं होतं.”

“मग?”

“मग तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.” त्यांनी चष्मा पुसला. “सांगतो पोरांना.”

पण अकराशे चाळीस माणसांना वर चढवणं सोपं, उतरवणं नाही. विद्यार्थ्यांना वाटलं सर परीक्षा बघताहेत, आणि पाठिंबे बाराशेवर गेले. शेवटी मी स्वतःच तक्रारीखाली लिहिलं: अधिक विचारांती पाच नखं शोभून दिसतात असं माझं मत झालं आहे. त्यावर पाच मिनिटांत अठ्ठावीस जणांनी लिहिलं की कंपनीने म्हाताऱ्याला फितवलं.

माझी चौतीस वर्षांची अब्रू त्या अठ्ठावीस ओळींत गेली. ती गेली तर गेली; सोमवार उरला होता.

सुधारणा ५

मी फोन लावला. बायको शेजारी हात पुढे करून उभी राहिली, सवयीने.

“बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?”

“बरी आहे.” मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. “मला तुला काही सांगायचंय. तो जो माणूस आहे ना, नखांवाला...”

“बाबा, सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ कोण मारतं?”

एक आणि सात यांची गफलत होऊ नये म्हणून ड्रॉइंग ऑफिसात सातच्या पोटातून एक छोटी रेघ मारतात. मी वाण्याच्या यादीतही मारतो.

“पहिल्याच नकाशात अकरा सात होते,” ती म्हणाली. “मला पहिल्या दिवशी कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही विचारलंत जेवलीस का, आणि फोन आईकडे. आईला सगळं सांगितलं असतं तर तिने तुमचा कॉम्प्युटर गॅलरीतून खाली टाकला असता.”

दाराबाहेरून आवाज आला, “टाकलाच असता!”

“मला माहीत नव्हतं गं,” मी म्हणालो. “मला वाटलं झाडं तुझी. त्याने झाड खाल्लं म्हणून मला...”

“तुम्ही माझ्या प्राण्यावर चिडलात, माझं झाड खाल्लं म्हणून?” ती हसायला लागली. बराच वेळ हसली. मग आवाज बारीक झाला. “पण बाबा, तुम्ही बरोबर आहात. पाय मी एकच केला. माना करता करता दिवस संपले. आमचे वरिष्ठ म्हणाले, हत्तीसारखा टाक, पाय गवतात जातात, कोण बघतंय.”

“मी बघतो.”

“हो ना. कळलं.”

मग मी तिला म्हणालो, की उद्या बैठकीत सांग, हत्तीचा पाय वरिष्ठांनी टाकायला सांगितला. त्यात खोटं काही नाही. ती म्हणाली, “मी केलाय तो पाय. मी सांगणार, चुकलाय, वेळ द्या.” मी म्हणालो, नोकरी जाईल. ती म्हणाली, “तुमच्या ऑफिसात काय करायचे?”

आमच्या ऑफिसात काय करायचे ते मी तिला सांगितलं. लाल पेन्सिल, घडी, खण. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग माझी घडी कुठाय?”

 

फोन ठेवल्यावर मी पुन्हा खेळ सुरू केला. आणि पहिल्यांदा पायांच्या वर बघितलं. ब्रॅकिओसॉरसचे खांदे उंच आणि मान जिन्यासारखी चढणारी. डिप्लोडोकसची मान जवळजवळ आडवी, शेपूट चाबकासारखं बारीक होत गेलेलं. अमार्गासॉरसच्या मानेवर काट्यांच्या दोन रांगा. शुनोसॉरसच्या शेपटाला गदा. नायजरसॉरसचं तोंड झाडूसारखं सपाट, जमिनीलगत गवत कापत चाललेलं. मामेन्चीसॉरसची तर निम्मी लांबी मानच. अकरा माना, अकरा शेपट्या, अकरा तोंडं. एकाचं दुसऱ्याला नाही. चालताना मान हलली की उलट बाजूला शेपूट हलत होतं, तोल सांभाळायला. हे सगळं तिने केलं होतं. आणि मी बघितली ती नखं.

[शेरा: यावर मी काही लिहीत नाही.]

सुधारणा ६

सोमवारी तिने सांगितलं तसंच सांगितलं. साहेबांनी विचारलं, हा ड्राफ्ट्समन कोण आहे, माहीत आहे का? ती म्हणाली, “हो. नकाशे चांगले काढतो.” पक्कं करणं तीन महिने पुढे ढकललं. तीन महिन्यांत अकरा जातींचे अकरा पाय नीट झाले तर पक्की, नाही तर नारळ.

मी माझे अकरा नकाशे पाठवून दिले. ती फोनवर म्हणाली, “मिळाले. उपयोग होतोय.” डॉक्टरांनी पुस्तकांची पानं पाठवली. मास्तरांनी काही पाठवलं नाही, पण मुलाला एकदा फोन केला, असं जिन्यात म्हणाले. मुलगा काय बोलला हे मी विचारलं नाही.

ते तीन महिने मी तिला पायांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. फार जड गेलं.

[शेरा: मला रोज दोनदा विचारायचे, “पायांचं काही म्हणाली?”]

नोकरी पक्की झाली. ती दोन दिवस घरी आली, आईच्या हातचं जेवली, मास्तरांच्या कासवाला बघून आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. तिला निरोप देऊन मी वर आलो, चहा घेतला आणि टेबलाशी बसलो. खण नीट लागत नव्हता. आत कागद अडकला होता.

घडी आतल्या बाजूने.

उघडला. माझाच नकाशा. अकरा पाय, अकरांच्या अंगठ्याला एकेक वळलेलं नख. त्यातल्या तिघांभोवती, अर्जेंटिनोसॉरस, ड्रेडनॉटस आणि सॉल्टासॉरस, लाल पेन्सिलीने गोल. शेजारी बारीक अक्षरात:

“हा टायटनोसॉरांचा गट. यांनी अंगठ्याचं नखही सोडून दिलं होतं. खेळात बरोबर केलंय. एक पाय काढून दहा ट्रेस केलेत ना, बाबा?”

केले होते. माना टेबलावर मावत नव्हत्या म्हणून त्या मी सोडून दिल्या होत्या. पाय सारखेच असणार, कोण बघतंय, असं म्हणून ट्रेसिंग पेपर दहादा सरकवला होता.

तीन महिने तिला हे माहीत होतं. नकाशांचा उपयोग होतोय एवढंच ती सांगत राहिली, आणि मी चहाला उठायची वाट बघत राहिली.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असते. त्यात ‘काढले’पुढे माझी सही होती. ‘तपासले’ची जागा मी रिकामी सोडली होती, तिथे आता तिची सही होती. खाली तारीख. तारखेत सात होता, आणि सातच्या पोटातून आडवी रेघ.

मी फोन लावला. चूक खणात आली की त्यावर तोंडाने बोलायचं नाही, ही रीत. म्हणून ती म्हणाली, “गाडीत बसले हो बाबा,” आणि मी म्हणालो, “बरं.” जेवलीस का ते विचारलं नाही, जेवूनच निघाली होती. मग माझं तिसरं वाक्य आलं. मी विचारलं, “ती मान हलली की शेपूट उलट का हलतं गं?”

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर आकडा आला: सत्तेचाळीस मिनिटं.

[शेरा: मी हात पुढे करून उभी होते. माझा नंबर आलाच नाही.]